एकच्या आत

८ जानेवारी

नोकरीचा पहिला दिवस! सकाळी संस्कृतीचा, हरीओमचा आणि चक्क माझाही, असे तीन डबे भरले. लग्नानंतर नाशिक सोडून कारंज्याला आले तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी कपाटात कपड्यांखाली गेली होती. ती आज बाहेर निघाली. हरीओम दुकानाकडे जाता जाता म्हणाला की रेडिओवाल्या बाई, संध्याकाळी घरी यायला विसरू नका. त्याला वाटतं तो फार विनोदी आहे.

स्कूटीने निघाले. इंझोरीच्या अलीकडे फाटा आहे, तिथून कच्च्या रस्त्याने टेकडी. दोन्ही बाजूंना तुरीची सोंगणी चालू, बायका मान वर करून बघत होत्या की ही कोण हेल्मेटवाली. टेकडीवर दोन खोल्या, एक टॉवर आणि एक बोरीचं झाड. बोरं आंबट आहेत, लगेच खाऊन बघितली.

गावचा रेडिओ काढणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष जानराव काका, निवृत्त मास्तर. प्रसारण अजून सुरू नाही, नुसती चाचणी चालली आहे. पोहरादेवीच्या यात्रेच्या आत रेडिओ चालू झाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. चुकलेल्या माणसांची नावं सांगता येतील, शेतीचे कार्यक्रम होतील, बरंच काही. माणूस उत्साही आहे.

आणि आधीचा इंजिनिअर, ऋषिकेश. बारीक अंगाचा मुलगा, इतका हळू बोलतो की मान पुढे करावी लागते. त्याने काम सोडलंय म्हणे, पण मुक्काम मागच्या खोलीतच. गाव विचारलं तर किन्हीराजा. मी म्हटलं, मग कंटाळा येत नाही का इथे, शनिवार-रविवार तरी घरी जावं. तो हसला नाही. बहुतेक घरच्यांशी बिनसलं असावं.

संस्कृतीने मात्र हुकूम सोडलाय की रेडिओवर पहिलं नाव तिचं आलं पाहिजे. घरातला जुना रेडिओ लावून बसली होती. नुसती खरखर. आमचा सिग्नल कारंज्याच्या अलीकडेच संपतो. मी तिला वचन दिलं की कारंज्यापर्यंत पोचवीन तेव्हाच नावाची आई.

१० जानेवारी

यंत्र म्हणजे डब्याएवढी काळी पेटी आणि एक लॅपटॉप. जुन्या काळी तारा आणि कॉइल जे काम करायच्या ते आता सॉफ्टवेअर करतं. पडद्यावर चौकटी, चौकटींना जोडणाऱ्या रेघा. आवाज एका टोकाने आत शिरतो, लहरीवर चढतो आणि टॉवरमधून बाहेर पडतो. त्या वाटेवर ॲम्प्लिट्यूडची चौकट आहे, लाट किती उंच उठवायची त्याचा आकडा. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे काठोकाठ. एकच्या पुढे गेलं की लाटांचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो आणि फाटलेला भाग शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन सांडतो. दोन आवाज एकदम सोडायचे तर दोघांचे आकडे मिळून एकच्या आत. हरीओमला समजावलं की डब्यात भाजीही द्यायची आणि आमटीही, पण झाकण लागलं पाहिजे. तो म्हणाला, मंग आमटी कमी देत जा, तशीही पातळच असते.

चाचणीची इथली तऱ्हा मजेशीर आहे. जानराव काका माईकसमोर पितळी थाळी घेऊन बसतात आणि चमच्याने वाजवतात. यात्रेतले भोंगेवाले पूर्वीपासून असंच करतात म्हणे, 'हॅलो हॅलो, एक दोन तीन' इथे कुणीच म्हणत नाही. मी कारण विचारलं तर काका अगदी गंभीर झाले.

"बोलनं कोनासाठी असलं म्हंजे पोचते आन थांबते, मॅडम. नुसतं मोजनं कोनासाठीच नसते. ते फिरतच राह्यते."

मास्तर लोकांना सुविचाराशिवाय चहा पचत नाही. पण अडचण खरी आहे. थाळीचा एक ठण्‌ होतो आणि विरतो, त्यावरून बोलण्याचा आकडा कसा ठरवायचा?

पडद्यावर ऋषिकेशची एक जुनी चौकटही आहे, पॉइंट चारवर चालू ठेवलेली. ती कशाची विचारलं तर म्हणाला, तिले हात लावू नका. मी म्हटलं बरं. प्रत्येक इंजिनिअरला आपलं काम म्हणजे आपलं बाळ वाटतं, मला माहीत आहे ते.

१२ जानेवारी

आज काका मानोऱ्याला गेले होते. मी सरळ स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. एक, दोन, तीन, असं दहापर्यंत, आणि शेवटी "आवाज येतोय का?" तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहील असा लावून दिला आणि आकडा पॉइंट आठ केला. लगेच लाटांचे शेंडे कापले गेले. उघड आहे, ऋषिकेशचे पॉइंट चार त्यात मिळाले होते. त्याची चौकट ऐकली तर काय, तोही मोजतोय! इथे कुणी मोजत नाही म्हणे, आणि हा स्वतः मात्र. त्याचा आकडा पॉइंट एकवर आणला. पुसली नाही, कुणाचं काम पुसायचं नाही हा माझा नियम. मग आवाज असा स्वच्छ झाला की मीच खूश झाले.

ऋषिकेश दुपारनंतर दिसला नाही. गेला असेल एकदाचा गावी.

१३ जानेवारी

काल घरी गेल्यावर हरीओमने दोनदा विचारलं की हळू काहून बोलून राह्यली. संस्कृती म्हणाली, आई, जोरात बोल ना. मी जोरातच बोलत होते. घसा बसला असेल. हळदीचं दूध घेतलं, फरक नाही. टेकडीवर आले की आवाज खणखणीत.

१५ जानेवारी

मी हे नीट लिहिणार आहे. नीट लिहिलं की चूक सापडते.

काल संक्रांत. दुपारी निघताना चाचणीचा आकडा पॉइंट तीनवर आणला. बंद केला नाही, उगाच पुन्हा सगळं जुळवत बसा कशाला, आणि तेवढाच आकडा सेव्ह करून निघाले. फाट्यावर ओळखीचा टपरीवाला आहे, त्याने हात केला. फाटा ओलांडून थोडं पुढे गेले तर एक बैलगाडी सरळ माझ्या अंगावर आली. गाडीवान समोर बघत होता आणि मी त्याच्या समोर होते. मी स्कूटी शेतात घातली. त्याने मानसुद्धा वळवली नाही.

घरी दार उघडंच होतं. हरीओम तिळाचे लाडू वळत होता, वेडेवाकडे. मी म्हटलं, अरे चटके बसतील. त्याने वर बघितलं नाही. संस्कृती खिडकीत बसून वाट बघत होती, माझीच. मी तिच्यासमोर उभी राहिले. तिने मान वाकडी केली, माझ्या पलीकडचा रस्ता दिसावा म्हणून नव्हे. मधे काही नव्हतंच तिच्यासाठी, ती नुसती मान अवघडली म्हणून हलली.

हरीओमने फोन लावला. फोन माझ्या हातात वाजला. मी उचलला, बोलले, तीन फुटांवरून बोलले. तो हॅलो हॅलो करत राहिला.

मी संस्कृतीच्या अंथरुणाशी बसून राहिले. उजाडल्यावर टेकडीकडे निघाले. फाट्यावर टपरीवाल्याने हात केला आणि म्हणाला, मॅडम, आज लवकर. तेव्हा मी रडले. त्याने पाणी दिलं.

१६ जानेवारी

काल आकडा पॉइंट आठ केला आणि मग घरून आलेला फोन उचलला. हरीओम ओरडला, रडला, कुठे होतीस म्हणाला. त्याला माझं अर्धंच ऐकू जात होतं. काम होतं, अडकले, असं काहीतरी सांगितलं. खरं काय सांगणार?

आकडा आणि मी, हे एकच झालंय. सिग्नल पोचतो तिथपर्यंत मी आहे. त्याच्या पुढे नाही.

मग बंदच करून टाकू म्हणून आकडा हळूहळू खाली आणला. पॉइंट दोनला खोलीतला उजेड गेल्यासारखं झालं. पॉइंट शून्य पाचला बोट कळीवर होतं आणि कळ दबत नव्हती. दहा वेळा दाबली की एकदा. घाबरून वर आणला. बंद करणं म्हणजे सुटका नाही. मी मोजत फिरतेय, आणि फिरणं थांबलं की संपलंच.

मागच्या खोलीत कुणी नाही. पण हेडफोन लावून खरखर खूप वाढवली तर खाली, अगदी तळाशी, एक मुलगा मोजतोय. एक. दोन. तीन. तो किन्हीराजाला जात नव्हता कारण त्याचे पॉइंट चार तिथपर्यंत पोचत नव्हते. मी त्याचा पॉइंट एक केला. मला माहीत नव्हतं. मी हेडफोनमध्ये सॉरी म्हटलं. माझा हात नुसता गार पडला, एवढंच उत्तर.

काकांना सांगितलं. त्यांनी थाळी खाली ठेवली. मग म्हणाले की पोराले मी गेला समजलो होतो. उपाय त्यांना माहीत नाही. ते फक्त एवढंच म्हणाले की लाइट जाऊ देऊ नका.

१८ जानेवारी

एकच्या पुढे गेले. जायचं नव्हतं.

माझा आकडा एक पॉइंट तीन केला आणि स्कूटी दामटली. घर गाठलं. हरीओमने मला बघितलं, स्पष्ट बघितलं, मला वाटलं जिंकले. संस्कृती धावत आली. मी हाक मारायला तोंड उघडलं, पूर्ण जिवाने, आणि वरचा भाग निघालाच नाही. एक सपाट घर्रर्र आवाज निघाला. हसायला गेले तर तोंड अर्ध्यात अडलं. मोठं काहीच करता येईना. रडणंसुद्धा मधेच कापलं जात होतं. पोर दोन पावलं मागे सरली. आणि शेजारच्या टीव्हीतून, हरीओमच्या फोनमधून, रस्त्यावरच्या कुठल्यातरी ट्रॅक्टरच्या टेपमधून माझा आवाज यायला लागला. सहा. सात. आठ.

"पप्पा, ही आई नाही," संस्कृती म्हणाली.

मी परत आले.

१९ जानेवारी

एकच्या आत. मी पॉइंट नऊ पाच, तो पॉइंट शून्य पाच. झाकण लागतं.

फोनवर हरीओम विचारतो, काय? काय म्हनते? संस्कृतीला फोन दिला तर ती "पप्पा, तूच बोल" म्हणून परत देते. कारंज्याला पूर्ण एक लागतो. माझा एक. पॉइंट शून्य पाच कमी पडतात, ते कुणाकडे आहेत ते मला माहीत आहे.

तो आता काय आहे? खरखरीच्या तळाशी एक पुटपुट. त्याला कोण ऐकतं? त्याची आई असेल किन्हीराजात. माझी मुलगी सहा वर्षांची आहे.

मी हे सगळं लिहितेय म्हणजे मी ठरवलेलंच आहे.

२० जानेवारी

केलं. शून्य.

हेडफोनमध्ये तो सातपर्यंत आला होता. आठ आला नाही.

२१ जानेवारी

रविवार. घरी. लाडू, पतंग, पोरीच्या केसांत तेल. तिने दोनदा माझा चेहरा हातांनी चाचपला, मग मांडीवर झोपली. भाजीत मीठ जास्त पडलं तरी हरीओमने ती दोनदा घेतली. मी हसले तेव्हा पूर्ण हसले. मला एवढंच हवं होतं, बाकी काही नको.

नवा आकडा सेव्ह करायचा राहिलाय हे संध्याकाळी आठवलं. उद्या सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम ते.

२२ जाने

टेकडीवर पोचले. लाइट नाही. इन्व्हर्टरचा लाल दिवा. काका म्हणाले तारा तुटल्या, माणूस येऊन राह्यला. लॅपटॉप सहा टक्के. आधी सेव्ह करते, मग

तारीख माहीत नाही

मधलं माझ्याकडे नाही. पेन जिथे होतं तिथेच होतं. बाहेर तुरीची शेतं रिकामी आहेत, बोरीला एकही बोर नाही.

टेबलाशी एक तरुण बसलाय. काका त्याला श्रेयांस म्हणतात, वाशीमचा आहे. यंत्र त्यानेच सुरू केलं. मधे काय झालं ते काकांनी त्याला सांगितलं, की बाई एक दिवस इथूनच दिसेनाशा झाल्या, घरचे पोलिसांत जाऊन आले. ते हे सांगत होते तेव्हा मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, अजून कुणी वळून बघितलं नव्हतं.

यंत्राने सेव्ह केलेला जुना आकडा घेतला. पॉइंट तीन. ऋषिकेशच्या चौकटीत मात्र आता काहीच नाही.

श्रेयांसने माझी चौकट बघितली. ऐकली. गालात हसला. म्हणाला, जुन्या मॅडमचं टेस्टिंग दिसतं. पॉइंट एक केलं. पुसलं नाही. चांगला मुलगा आहे, कुणाचं काम पुसत नाही.

दुसऱ्या दिवशी

खोलीच्या दारापर्यंत जाता येतं. बोरीपर्यंत नाही.

त्याच्या कानाशी ओरडले. त्याने कान चोळला आणि खिडकी लावली.

काका थाळी घेऊन बसतात. मधेच थांबतात, खोलीत बघतात. हळू म्हणाले, मॅडम हाय का इथं? मी हो म्हटलं. ते थांबले. मग पुन्हा वाजवायला लागले.

त्याने त्यांना हसून सांगितलं की थाळीवरून आकडा ठरत नाही, माणसाचा आवाज लागतो. काका नाही म्हणाले. तो बरं म्हणाला. तसंच बरं, जसं मी —

सकाळ

स्कूटीचा आवाज. हरीओम आलाय. बरोबर संस्कृती.

काका नाहीत, यात्रेच्या मीटिंगला गेलेत.

हरीओम माझी बॅग मागतोय. दाढी वाढलीय. श्रेयांस त्याला खुर्ची देतोय, पाणी देतोय. पोरीकडे बघतो. तिला विचारतो, रेडिओवर बोलायचं का तुला?

नको

तिला मांडीवर घेतलंय. हेडफोन मोठा होतो, हाताने धरलाय. माझी आई इथे बोलायची का, विचारते. तो हो म्हणतो. मोज बेटा, दहापर्यंत येतं ना?

मी माईकवर हात ठेवलाय. हात कुणाला —

येतं तिला. माझ्यापेक्षा सरळ येतं. दहापर्यंत. एकदाही चुकली नाही. हरीओम रडतोय, टाळ्या वाजवतोय.

तो तुकडा लावला. फिरवत ठेवला. पॉइंट सहा.

ते निघाले. दारात ती बापाला काहीतरी म्हणाली. त्याने मान पुढे केली.

"जोरात बोल न बाळा. काय म्हनते?"

पॉइंट सहा. फाट्याच्या जरा पुढे बैलगाडी. घर. खिडकी. त्याला वाटेल स्कूटीवर मागे कुणी नाहीच —

कारंज्याला पूर्ण एक लागतो.

श्रेयांस मागे चहा ठेवायला गेलाय. कळ. पुन्हा कळ. दहा दाबल्या की एक. तिचा पॉइंट सात. तिचा आठ.

अंगणात स्कूटी सुरू होत नाहीये. होऊ नको. थोडा वेळ होऊ नको.

तिचा पॉइंट नऊ. माझा एक. दोघींचे मिळून पूर्ण एक. झाकण लागतंय.

आता मला खाली आणायचं. माझा शून्य पाच. तिचा नऊ पाच. आधी सेव्ह. सेव्ह झालं का — झालं.

काका, लाइट जाऊ देऊ नका. कधीच. हे वाचाल ना? ती मोठी झाली तरी. मी नसले तरी कुणीतरी रोज —

स्कूटी लागली.

कळ दबत नाही. दबत नाही. दबली. शून्य दोन. शेवटची कळ उरलीय, मग तिचा पूर्ण एक.

ती मागे वळून बघतेय. खिडकीकडेच. इथेच.

मी मोजत नाहीये, संस्कृती. हे तुझ्यासाठी आहे, म्हणजे पोचेल आणि थांबेल. रेडिओवर पहिलं नाव तुझंच. संस्कृती. आवाज येतोय का, बा